फुंकर

पाशाबाहचेच्या धक्क्याला बोट टेकली की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळायचं, आपलं ठिकाण आलं. आधी खारा वारा, मग डिझेल, मग धक्क्यावरच्या टपरीत तव्यावर चरचरणारी मासळी, आणि या सगळ्यांच्या तळाशी, लक्ष दिलं तरच हाती लागणारा, तापलेल्या विटेचा तो कोरडा वास. इस्तंबूलच्या आशियाई काठावर, बोस्फोरसच्या वरच्या अंगाला बेयकोझ नावाचा भाग आहे, त्यातलीच ही वस्ती. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आमचं बिऱ्हाड काही काळ तिथं होतं. एप्रिलच्या अखेरीस टेकड्यांवर एर्गुवानची झाडं पानं फुटायच्या आधीच जांभळ्या-गुलाबी फुलांनी लगडायची, जूनमध्ये इहलामूरच्या फुलोऱ्याचा मधाळ वास खिडकीतून घरात शिरून उशा-पांघरुणांत मुरायचा. आणि बारा महिने तेरा काळ, दिवसा रस्त्याच्या गलबल्यात बुडालेली, रात्री मात्र स्पष्ट ऐकू येणारी, पाण्यालगतच्या काचकारखान्याची गुणगुण. काचेची भट्टी विझवत नाहीत, हे मला तिथं कळलं. ती गार झाली तर आतला रस गोठतो आणि भट्टीच वाया जाते, म्हणून ईद असो, निवडणूक असो, गुडघाभर बर्फ पडो, ती पेटतीच राहायची, आणि तिच्या पाळ्यांवर अख्ख्या गावाची झोप, जेवणं, भांडणं आणि चहा बेतलेला असायचा.

चहा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली ‘तेय्झे’, म्हणजे मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्या होत्या. खालच्या किटलीत पाणी रटरटत असे आणि तिच्या वाफेवर वरच्या किटलीतला कोरा चहा तासन्‌तास मुरत असे. तो गडद चहा थोडासा ओतून वरून पाणी घालायचं, उजेडासमोर धरून रंग पाहायचा, आणि मग बारीक कमरेचा तो लहानसा ग्लास बशीत ठेवून पुढे करायचा. कान नाही, मूठ नाही. काठाशी दोन बोटांनी धरायचा, चटका बसला तर बसला. साखरेचे खडे ढवळताना चमचा काचेला लागून जी किणकिण होते, ती दुपारच्या वेळी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून ऐकू यायची, आणि ‘आता पुरे’ म्हणायचं असेल तर तोंडाने काही न बोलता तोच चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा. मला हे समजेपर्यंत मी सभ्यपणाने पोटात किती चहा रिचवला, त्याची गणती नाही.

तेय्झेच्या कपाटात दोन तऱ्हेचे ग्लास होते. एक सहाचा संच, यंत्रावर घडवलेला, एकसारखा, सोनेरी काठाचा, तो पाहुण्यांसाठी. दुसरे निरनिराळ्या उंचीचे, कुणाची कंबर किंचित कललेली, कुणाचा काठ एका अंगाला जाड, ते घरच्यांसाठी. हे दुसरे तिच्या नवऱ्याने नोकरीच्या पहिल्या वर्षांत स्वतः फुंकलेले, तपासणीत बाद झालेले आणि म्हणून घरी आलेले. किती तरी महिने मी सोनेरी काठाच्या ग्लासातून चहा प्याले. मग एका पावसाळी दुपारी, काही न बोलता, तिने माझ्यापुढे कललेल्या कमरेचा ग्लास ठेवला, आणि मी घरची झाले.

त्या ग्लासाच्या बुडाशी तांदळाएवढा बुडबुडा होता. तेय्झेचे यजमान, म्हातारे उस्ता (कारागिराला तिकडे असंच हाकारतात) कोपऱ्यातल्या दिवाणावर बसलेले. मी बुडबुड्यावर बोट ठेवून म्हटलं, “ही तुमची फुंकर ना?” मला वाटलं, किती सुंदर बोललो आपण. उस्ता खो खो हसले. म्हणाले, वाळू आणि सोडा वितळताना वायू सुटतो, रस नीट पिकू दिला नाही तर तो आतच अडकतो. हा बुडबुडा म्हणजे भट्टीवाल्याची घाई. माझी फुंकर? ती मी ग्लासाचं तोंड कापलं त्याच दिवशी निघून गेली. फुंकलेला ग्लास साच्यातून निघतो तो बंद डोक्याचा असतो, वरची टोपी चरा पाडून उडवायची, काठ पुन्हा आचेवर धरून गोल करायचा. टोपी उडाली की आतला श्वास बाहेर. उरतो तो त्याचा आकार, त्यात आता तू चहा पी.

त्यानंतर मी ज्या ज्या जुन्या तुर्की काचेपुढे उभी राहिले, तिथं तिथं हे वाक्य आधी पोचलेलं असायचं. सुलेमानिये मशिदीत गेलात तर किब्ल्याकडच्या भिंतीत वरच्या बाजूला रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. शिशाच्या पट्ट्यांत नव्हे, प्लास्टरच्या जाळीत बसवलेले बारीक बारीक तुकडे. सकाळचं ऊन त्यांतून उतरतं तेव्हा लाल-निळे डाग भिंतीवरून सरकत राहतात. १५५७ मध्ये बांधून झालेल्या त्या मशिदीच्या काचा ज्याच्या नावावर सांगतात तो कारागीर म्हणजे सारहोश इब्राहिम, दारुड्या इब्राहिम. शेकडो काचकारांमधून नावानिशी आपल्यापर्यंत पोचलेल्या मोजक्यांतला हा एक, आणि पोचला तोही टोपणनावासकट! मला हा माणूस फार आवडतो. तिथंच, हात वर केला तर लागेल की काय असं वाटावं इतक्या खाली लोखंडी कड्यांमधून दिवे लोंबतात. पूर्वी त्यांच्या काचेत तेल आणि वात असे, आणि मशिदीचा शिल्पी सिनान याने वाऱ्याची वाट अशी आखली होती की सगळी काजळी दारावरच्या एका खोलीत जाऊन साचावी आणि तिची शाई व्हावी. तेलाचा, वातीचा, गालिच्यांत मुरलेल्या माणसांचा मिळून तिथला वास कसा असेल याचा मी पुष्कळदा अंदाज करून पाहिला आहे. आता विजेचे दिवे आहेत. काजळी नाही, शाई नाही.

दिवे मात्र सगळेच घरचे नव्हते, हेही सांगून टाकते. १५६९ मध्ये वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने व्हेनिसकडे नऊशे दिव्यांची मागणी नोंदवली होती. दरबाराला व्हेनिसच्या मुरानोची काच हवी असे आणि शहरातल्या भट्ट्यांवर रोजची काच होत असे. दोन्ही सुखाने नांदत. घरच्या काचकारांना मान नव्हता असं मुळीच नाही. तेय्झेच्या स्वयंपाकघरात एका बँकेचं जुनं कॅलेंडर होतं, वर्ष उलटलं तरी चित्रासाठी ठेवलेलं. १५८२ मध्ये सुलतान तिसऱ्या मुरादने मुलाच्या सुंतेचा सोहळा पन्नासहून जास्त दिवस चालवला, शहरातल्या एकेका धंद्याची मंडळी आपापली कला मिरवत ‘आत मेयदानी’ नावाच्या मैदानावरून त्याच्यापुढून गेली, आणि नक्काश उस्मान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते ‘सुरनामे-इ हुमायून’ या ग्रंथात चितारलं. त्यातलंच एक पान. काचकारांची मिरवणूक, चाकांवर ओढत आणलेली पेटती भट्टी, आणि तिच्यातून रस काढून फुंकणीने भांडी फुगवणारे कारागीर. मी त्या चित्रावर खुळी झाले होते. उस्ता मात्र त्याच्याकडे बघून दर वेळी मान हलवायचे. म्हणायचे, हादऱ्यांत फुंकलेलं भांडं थंड कुठं करायचं? रात्रभर सावकाश निववलं नाही तर सकाळी आपोआप तडकेल. सुलतानाला टाळ्या वाजवायला बरं, पण त्या दिवशीचा एकही तांब्या धड राहिला नसेल.

बेयकोझची काच त्याच्या पुष्कळ नंतरची, अठराव्या शतकाच्या अखेरीची. सांगतात ते असं की तिसऱ्या सेलिमच्या काळात मेहमेद देदे नावाचा एक मेवलेवी दर्वेश व्हेनिसला गेला, तिथल्या भट्ट्यांवर काम शिकला आणि परत येऊन बेयकोझला त्याने आपली भट्टी मांडली. गोल गोल फिरणाऱ्या पंथाचा माणूस, आणि त्याने आणलेली कला कुठली, तर फिरवण्याची! हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो, पण उस्तांना तो कधी सांगितला नाही. ते पुन्हा खो खो हसले असते. त्या काचेला नाव पडलं चेश्म-इ बुलबुल, बुलबुलाचा डोळा. तुम्ही ती पाहिली नसेल तर डोळ्यांपुढे आणा: पारदर्शक काचेची एक सुरई, आणि तिच्या अंगातून, वरून नव्हे, आतूनच, निळ्या आणि पांढऱ्या रेघा बुडापासून मानेपर्यंत पीळ घेत चढत गेलेल्या.

हे कसं होतं ते उस्तांनी मला चहाच्या टेबलावर, आगपेटीच्या काड्या आणि उलटा ग्लास घेऊन दाखवलं. निळ्या-पांढऱ्या काचेच्या बारीक कांड्या साच्याच्या आत कडेकडेने उभ्या लावायच्या, एक निळी, एक पांढरी. साचा गरम हवा, नाहीतर कांड्या चटका बसताच फुटतात. मग भट्टीतून लोखंडी फुंकणीच्या टोकावर स्वच्छ काचेचा गोळा घ्यायचा. तो कढत्या काकवीसारखा ओघळू पाहतो, म्हणून भट्टीच्या तोंडापासून साच्यापर्यंतच्या चार पावलांत फुंकणी फिरवायची थांबवायची नाही. गोळा साच्यात सोडून फुंकायचं, तो फुगून कांड्यांना भिडतो आणि त्या अंगाला घेऊनच वर येतो. पुन्हा आच. मग दुसऱ्याने खालचं टोक चिमट्यात पकडायचं आणि फुंकणीवाल्याने पीळ द्यायचा. सरळ रेघा वळायला लागतात, एकीने दुसरीला ओलांडू नये, एकीने मागे राहू नये, आणि सगळ्या बुडाशी एका ठिपक्यात येऊन मिळाव्यात. “तो ठिपका,” उस्ता म्हणाले, “तिथं माणूस ओळखू येतो.” हे सांगताना त्यांचे गाल आपोआप फुगत होते आणि पालथ्या बोटांवरून एक नसलेली नळी पुढे-मागे गडगडत होती. तेय्झे सांडलेल्या काड्या परत पेटीत भरत होती, आणि मधूनच पुटपुटत होती की माणूस रिटायर झाला, हात काही झाला नाही.

बेयकोझच्या भट्ट्यांवर आणखी एक दुधी काच निघे, साईच्या रंगाची, अंगावर सोन्याची फुलं. तिच्या साखरदाण्या, सुरया, आणि लांब मानेच्या गुलाबदाण्या. पहिल्यांदा संग्रहालयात ती गुलाबदाणी पाहिली तेव्हा मी तिथंच थबकले, कारण तोच गोल पोटाचा, उंच बारीक मानेचा घाट चांदीत घडवलेला माझ्या आजीकडे होता आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला तो माझ्या हाती दिला जायचा. आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या वाळ्याचा पंखा, आणि बायकांच्या अंगावर उडणारे ते गार शिंतोडे. इराणपासून दोन दिशांना गेलेला एक घाट, एकीकडे पुण्याला पोचला, दुसरीकडे बोस्फोरसला.

मग ते सगळं कसं सरलं, हे सांगायला फार वेळ लागत नाही. बेयकोझच्या समोरच्या, युरोपीय काठावर बाल्तालिमानी म्हणून जागा आहे. तिथं १८३८ मध्ये इंग्रजांशी व्यापारी तह झाला आणि परदेशी मालाला दारं सताड उघडली. बोहेमियातून, फ्रान्समधून काच येऊ लागली, चांगली आणि स्वस्त. तुर्की ग्राहकाला काय आवडतं हे ओळखून तशीच घडवलेली. बेयकोझच्याच काठावरच्या चुबुक्लूला १८४०च्या दशकात सरकारी आश्रयाने काचेचा कारखाना निघाला, पण त्याच सुमारास सुलतान दोल्माबाहचेचा नवा राजवाडा बांधायला घेत होता, आणि १८५६ मध्ये तो पुरा झाला तेव्हा त्याच्या जिन्याचे कठडे फ्रान्सच्या बाकारा स्फटिकाचे होते आणि दिवाणखान्यातलं साडेचार टनांचं झुंबर इंग्लंडचं. बेयकोझची भट्टी तिथून बोटीने किती, तासाभराच्या वाटेवर! मला अजून त्या जिन्यावर राग येतो. जिना देखणा आहे, हे खरंच आहे. एकेक भट्टी विझत गेली. पुढे प्रजासत्ताक आलं, आणि १९३५ मध्ये पाशाबाहचेला, त्याच किनाऱ्यावर, नवा मोठा कारखाना उभा राहिला. बाटल्या, ग्लास, बरण्या यांच्या जोडीने त्याने चेश्म-इ बुलबुलही पुन्हा घडवली. उस्ता तिथलेच. १९६६ चा संप त्यांना आठवत असे, पण त्याबद्दल ते भट्टीइतकं भरभरून बोलत नसत.

एका उन्हाळ्यात आम्ही बोद्रुमला गेलो. तिथल्या किल्ल्यात समुद्रातून काढलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. एका दालनात गर्द निळ्या काचेच्या जाड वड्या ठेवल्या आहेत, उलुबुरूनजवळ बुडालेल्या जहाजातल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या. तुर्क त्या भूमीवर यायला तेव्हा जवळजवळ अडीच हजार वर्षं अवकाश होता. पण मी खिळून राहिले ती दुसऱ्या जहाजापुढे. मारमारिसजवळ सेर्चे लिमानी नावाच्या खाडीत १०२५ च्या आसपास ते बुडालं. पोटात तीन टन काच होती, त्यातली बरीचशी फुटकी. मुद्दाम भरलेली फुटकी काच, भंगार, कुठल्याशा भट्टीत वितळवायला निघालेली. पाच ते दहा लाख तुकडे पाण्याखालून वर काढले, आणि संशोधकांनी वर्षानुवर्षं बसून रंगाशी रंग, जाडीशी जाडी, काठाशी काठ लावत त्यांतून शेकडो भांडी पुन्हा उभी केली. पेले, वाडगे, बाटल्या, दिवे. मागून उजेड सोडलेल्या कपाटांत ती उभी आहेत, तुकडे मिळाले नाहीत तिथं पोकळी ठेवून. जहाज सुखरूप पोचतं तर यांतलं एकही उरलं नसतं, सगळं नव्या रसात मिसळून गेलं असतं. परत आल्यावर मी हे उस्तांना रंगवून सांगितलं. ते भांड्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. तीन टन म्हणजे आमच्या भट्टीला काय पुरणार, एवढंच म्हणाले, मग बराच वेळ विचार करून, “फुटकी काच घातली की रस लवकर पिकतो. हुशार होती माणसं.”

२००२ मध्ये कारखाना बंद झाला. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो आणि मला ते तेय्झेकडून फोनवर कळलं. तिची तुर्की भरभर, माझी मोडकी, मधे तारेची खरखर. तक्रार अशी तिने केलीच नाही. म्हणाली, रात्री फार शांत असतं ग किझम (पोरी), इतकं की पाण्यावरून जाणाऱ्या जहाजांची इंजिनं वेगवेगळी ओळखू येतात, झोप मोडते. आवाजाने झोप मोडलेली मी पुष्कळ ऐकली होती. पाळी सुटायच्या वेळी ती किटली अजून चढवते, सवयीने, आणि मग एवढ्या चहाचं काय करायचं ते सुचत नाही, म्हणून शेजारच्या पोरांना हाका मारते. भट्टीचं त्यानंतर आमचं कधी बोलणं झालं नाही. काही वर्षांनी फोन उचलणारंही कुणी उरलं नाही.

आता बेयकोझला काचेचं संग्रहालय आहे, २०२१ मध्ये उघडलेलं, एका पाशाच्या जुन्या तबेल्याच्या देखण्या इमारतीत. मागच्या डोंगरात, ओढ्याकाठी एक संस्था आहे, तिथं देशोदेशीचे विद्यार्थी फुंकणी धरायला शिकतात. इझमिरकडच्या खेड्यांत निळ्या डोळ्याचे मणी अजून लाकडाच्या आचेवर ओढतात. तेय्झेच्या दारावर असा एक होता, तो एकदा आपोआप तडकला तेव्हा तिने समाधानाने ‘नजर गेली’ म्हणून त्याचे तुकडे उचलले होते. हे सगळं चांगलंच आहे. कला जगते ती अशीच जगते, हौसेने, अनुदानाने, प्रवाशांच्या खरेदीने. माझ्या लेखी जे गेलं ते निराळं: चहाच्या वेळा ठरवणारी आच, बाद मालातून भरलेलं कपाट, जेवताना पाव हातात घेऊन ‘आज रस फार पातळ होता’ असं बोलणारा माणूस आणि त्यावर ‘मग सोडा जास्त पडला असेल’ असं शेगडीपासून उत्तर देणारी त्याची बायको, जिने आयुष्यात एकदाही फुंकणी हातात धरली नव्हती.

उस्ता गेले ते आम्ही तिथं असतानाच, एका हिवाळ्यात. घरात माणूस गेलं की तिकडे रव्याचा हलवा करतात. मोठ्या पातेल्यात लोण्यावर रवा आणि चिलगोजे भाजायचे, बायकांनी आळीपाळीने पळी धरायची आणि धरताना मनात गेलेल्यासाठी दुवा म्हणायची. तूप-रव्याचा तो वास मला जन्मापासून सत्यनारायणाच्या प्रसादाचा म्हणून ठाऊक, आणि इथं तो रडणाऱ्या घरातून येत होता. माझं नाक आणि माझे डोळे यांचं काही केल्या जमेना. चाळिसाव्या दिवशी कुराणपठण आणि मेवलिद झालं, आणि तेय्झेने स्वतः उठून सगळ्यांच्या तळहातांवर गुलाबपाणी शिंपडलं. पाहुण्या बायका पांगल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात पातेलं घासत बसलो, आणि तिने ते सांगितलं, जे ती मला वाटतं त्या दिवसापर्यंत कुणालाच बोलली नव्हती. निवृत्त झाल्यावरही उस्ता झोपेत फुंकायचे. गाल फुगायचे, सोडायचे, आणि दोन्ही हात दुलईवर पालथे होऊन पुढे-मागे फिरत राहायचे, रात्र रात्र. पहिल्या पहिल्यांदा ती मनगट धरून ठेवायची. मग एकदा ते झोपेतच वैतागून ओरडले, अग सोड, पडेल ना खाली! तेव्हापासून तिने धरणं सोडून दिलं. आपली उशी तेवढी हातभर लांब सरकवून घेतली, कारण फिरवता फिरवता कोपर लागायचं.